न दिसणारी खोटी नाणी: झीकॅशमधल्या एका जादा यादीचं प्रकरण

१ मार्च २०१८. एरियल गॅबिझॉन या क्रिप्टोग्राफरांचं दुसऱ्या दिवशी ‘फायनान्शियल क्रिप्टोग्राफी’ परिषदेत भाषण होतं. त्या रात्री त्यांना चार वर्षांपूर्वीच्या एका शोधनिबंधात चूक सापडली. निबंध नावाजलेल्या परिषदेत छापून आलेला, जगभरच्या जाणकारांनी वाचलेला. त्यातल्याच पद्धतीवर झीकॅश हे डिजिटल चलन ऑक्टोबर २०१६ पासून चाललं होतं, आणि गॅबिझॉन ते चलन बनवणाऱ्या कंपनीत काम करत होते. ही चूक ज्याच्या हाती लागेल त्याला हवी तितकी नाणी पाडता आली असती. त्यातलं एकही नाणं खोटं म्हणून ओळखता आलं नसतं, चलन बनवणाऱ्यांनासुद्धा नाही.

चलनात त्रुटी सापडणं नवीन नाही. सगळे व्यवहार उघडे असलेल्या चलनात कुणी खोटी नाणी पाडली तर बेरीज चुकते आणि कुणाच्या तरी लक्षात येतं. झीकॅशच्या गुप्त व्यवहारांत ती बेरीज बघायची सोयच मुद्दाम काढून टाकली होती, कारण व्यवहार गुप्त राहावा हाच त्या चलनाचा जन्महेतू. ही गुप्तता झीकॅश ‘झीरो-नॉलेज प्रूफ’ या तंत्रानं राखतं, म्हणजे गुपित न सांगता म्हणणं खरं असल्याचं सिद्ध करायचं. हे तंत्र शिकताना आपण सगळे गुप्ततेच्या बाजूनं शिकतो. मला मात्र हे तंत्र खऱ्या अर्थानं समजलं ते या प्रकरणातून, म्हणजे त्याची दुसरी बाजू ढासळली तेव्हा काय झालं ते वाचून.

तीन वचनं

शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांनी १९८५ मध्ये झीरो-नॉलेज प्रूफची कल्पना मांडली. एक जण दुसऱ्याला एखादी गोष्ट खरी असल्याचं पटवून देतो, पण ती खरी आहे यापलीकडे काहीही उघड करत नाही. अशा पद्धतीकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. खरं बोलणाऱ्याला आपलं म्हणणं नेहमी सिद्ध करता आलं पाहिजे. खोटं बोलणाऱ्याला ते कधीच सिद्ध करता येता कामा नये. जाणकार याला साउंडनेस म्हणतात. आणि तिसरी, सिद्ध करताना गुपित फुटता कामा नये.

या तिघी बहिणींसारख्या शेजारी शेजारी मांडल्या जातात, त्यामुळे त्या एकसारख्याच आहेत असं वाटत राहतं. मोडल्यावर फरक कळतो. पहिलं वचन मोडलं तर त्याच दिवशी बोभाटा होतो, कारण प्रामाणिक माणसाचा व्यवहार अडतो आणि तो तक्रार करतो. तिसरं मोडलं तर गुपित फुटतं. वाईट आहे, पण ज्याचं फुटलं त्याला आज ना उद्या झळ लागते. दुसरं मोडलं आणि तिसरं मात्र शाबूत राहिलं, तर खोट्याला खऱ्याचाच वेश मिळतो आणि तो उतरवायची मुभा कुणालाच नसते. झीकॅशमध्ये नेमकं हेच झालं. या चुकीमुळे गुप्तता एका क्षणासाठीही धोक्यात आली नाही. तिचं काम ती चोख करत होती, आणि म्हणूनच दुसऱ्या वचनाला पडलेलं भगदाड झाकलं गेलं.

व्यवहारात काय दिसायचं, काय झाकलेलं असायचं

झीकॅशच्या पहिल्या आवृत्तीचं नाव स्प्राउट. तिच्यातल्या गुप्त व्यवहाराला जॉइनस्प्लिट म्हणत. दोन जुन्या चिठ्ठ्या आत जातात, दोन नव्या बाहेर येतात. ‘चिठ्ठी’ म्हणजे ठरावीक रकमेचा गुप्त हक्क असं समजा. शिवाय उघड्या बाजूनं, म्हणजे चलनाच्या न झाकलेल्या व्यवहारांतून, काही रक्कम आत येऊ शकते किंवा उघड्या बाजूला बाहेर जाऊ शकते. ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या जाहीर नोंदवहीत, दिसतात त्या गोष्टी थोड्याच: आतापर्यंतच्या सगळ्या चिठ्ठ्यांच्या झाडाचं मूळ (सगळ्या चिठ्ठ्यांपासून मिळून काढलेली एक संख्या), खर्च झालेल्या चिठ्ठ्यांची रद्द-खूण, नव्या चिठ्ठ्यांचे सीलबंद आकडे, आणि उघड बाजूला आली-गेली ती रक्कम. कोणी दिलं, कोणाला दिलं, चिठ्ठीत किती होतं, हे सगळं झाकलेलं.

सोबत एक पुरावा जोडलेला असायचा, आकारानं शे-तीनशे बाइटांचा. त्याचं म्हणणं एवढंच: ‘हे जे उघड आकडे तुम्हाला दिसताहेत, त्यांच्याशी जुळणारी गुप्त माहिती माझ्याकडे आहे, जुन्या चिठ्ठ्या खरोखर झाडात आहेत, त्या माझ्याच आहेत, आणि आत आलं तेवढंच बाहेर चाललंय.’ सगळ्या चलनाची पत या एका वाक्यावर उभी होती. हे वाक्य कुणाला खोटंच सिद्ध करता आलं, तर दोन आत आणि दोन हजार बाहेर असा व्यवहारही नेटवर्क मुकाट्यानं स्वीकारणार.

इतका छोटा आणि चटकन तपासता येणारा पुरावा फुकट मिळत नाही. त्यासाठी आधी एकदाच काही पॅरामीटर, म्हणजे पुरावे बनवायला आणि तपासायला लागणाऱ्या ठरावीक संख्या, तयार करावे लागतात, आणि ते करताना काही गुप्त संख्या जन्माला येतात. या संख्या कुणाच्या हाती राहिल्या तर त्याला खोटे पुरावे बनवता येतात, म्हणून त्यांना ‘विषारी कचरा’ असं नाव पडलं. झीकॅशनं हा कचरा कुणा एकाच्या हाती पडू नये म्हणून २०१६ मध्ये सहा जणांचा सोहळा केला. प्रत्येकानं आपापला गुप्त तुकडा मिसळायचा आणि मग नष्ट करायचा. सहांपैकी एकानं जरी प्रामाणिकपणे नष्ट केला तरी पुरे. इंटरनेटपासून तोडलेल्या संगणकांवर हिशेब झाला आणि माहिती डीव्हीडीवर घालून इकडून तिकडे नेली गेली. सोहळ्याची संपूर्ण नोंद, म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, जाहीरही केली गेली, म्हणजे कुणालाही सगळं नीट झालं की नाही हे स्वतः तपासता यावं.

पुढची दोन वर्षं लोकांनी शंका घेतल्या त्या या सहा जणांबद्दल. कुणी तुकडा ठेवून घेतला असेल का? संगणकात आधीच काही पेरलेलं असेल का? शंका रास्त होत्या. पण धोका सोहळ्यातल्या माणसांत नव्हता. सोहळा अगदी ठरल्याप्रमाणे पार पडला होता, आणि ठरल्याप्रमाणे पार पडल्यामुळेच धोका तयार झाला होता. कारण काय बनवायचं याची यादीच चुकलेली होती.

एक ओळ, शून्यापासून सुरू होणारी

या कुळातली मूळ पद्धत २०१३ ची, ‘पिनोकिओ’ नावाची. २०१४ मध्ये बेन-सॅसन, किएसा, ट्रोमर आणि विर्झा यांनी तिची सुधारलेली, जास्त वेगवान आवृत्ती मांडली. लेखकांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला बीसीटीव्ही१४ म्हणतात. झीकॅशनं घेतली ती हीच.

चूक समजून घ्यायला मी ती कागदावर साध्या आकड्यांत मांडून पाहिली. खऱ्या पद्धतीत आठ घटकांचा पुरावा, एलिप्टिक कर्व्हवरचे बिंदू आणि पेअरिंगची समीकरणं असतात, पण दुखणं एवढ्याशा हिशेबातही दिसतं.

समजा उघड आकड्यासाठी एकच जागा आहे आणि तिचं ठरलेलं वजन ५ आहे. व्यवहारात उघड आकडा ३ लिहिलाय. पडताळणारा स्वतःच ३ गुणिले ५ करून १५ काढतो. सिद्ध करणारा आपल्या गुपितातून बनवलेला भाग देतो, समजा ४०. पडताळणारा दोन्हींची बेरीज करतो: ५५. पुढचं मुख्य समीकरण या ५५ वर चालतं. त्यात १५ किती आणि ४० किती याची समीकरणाला पर्वा नसते.

आता लबाडाला उघड आकडा ३ च्या जागी ९ दाखवायचाय. पडताळणारा ९ गुणिले ५ म्हणजे ४५ काढेल. बेरीज ५५ च राहायला हवी, तर लबाडानं ४० ऐवजी १० द्यायचे. चाळिसातून तीस वजा केले की काम झालं. वजन ५ सगळ्यांनाच माहीत आहे, मग अडवणार कोण?

अडवायला दुसरी एक तपासणी ठेवलेली असते. सिद्ध करणाऱ्यानं आपला भाग नुसता द्यायचा नाही. सोबत त्याची जोडीदार संख्याही द्यायची, जी त्या भागाच्या एका गुप्त पटीइतकी असली पाहिजे. ती पट ७ समजू. म्हणजे ४० सोबत २८० हवेत. सात हा आकडा कुणालाच माहीत नाही. तो विषारी कचऱ्यातला, सोहळ्यात बनला आणि नष्ट झाला. (२८० ला ४० नं भागून तो काढता येईल असं वाटेल. साध्या संख्यांत येतो, कर्व्हवरच्या बिंदूंत तो भागाकार आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्यात नाही. सगळी सुरक्षितता त्यावरच तर आहे.) मग प्रामाणिक माणूस २८० आणतो कुठून? सोहळ्यात गुपिताच्या प्रत्येक जागेचं वजन आणि त्याची सातपट अशी जोडी बनवून वाटलेली असते. गुपिताच्या जागांमधून तो काहीही जुळवू शकतो, दोन्ही बाजूंना सारखंच. उघड आकड्याच्या जागेची सातपट मात्र वाटलेली नसते, कारण तिथं सिद्ध करणाऱ्याचं काही कामच नाही. तो भाग पडताळणारा स्वतः काढतो. त्यामुळे लबाडानं ४० चे १० केले तरी २८० चं काय करायचं हे त्याला कळत नाही. त्याला २१० वजा करायचे आहेत, म्हणजे ३५ सहा वेळा. ते ३५, म्हणजे ५ ची सातपट, त्याच्याकडे नाही. तपासणीत तो पकडला जातो.

बीसीटीव्ही१४ मध्ये ते ३५ वाटलेल्या यादीत होते.

निबंधात पॅरामीटर बनवण्याच्या कृतीत जोडीदार संख्यांची ओळ आहे. ती सगळ्या जागांसाठी, शून्यापासून सुरू होते. ती उघड जागा सोडून त्यांच्या पुढून सुरू व्हायला हवी होती. मूळ पिनोकिओत तशीच होती. प्रामाणिक माणसाला हे जादा घटक कधीच लागत नाहीत, पण असल्यानं त्याचं काही अडतही नाही. पुरावे बनतात, तपासले जातात, सगळ्या चाचण्या हिरव्या. लबाडाला मात्र २८० मधून २१० काढून ७० करता येतात, १० ची बरोबर सातपट, आणि पडताळणारा समाधानानं मान डोलावतो.

परिणाम केवढा, ते बघा. कुणाचाही एक खरा पुरावा घ्यायचा, त्यामागचं गुपित माहीत असायचीही गरज नाही, आणि त्यातले उघड आकडे हवे तसे बदलायचे. बाहेर जाणारी रक्कम वाढवा, नव्या चिठ्ठ्या आपल्या नावच्या घाला. कुलूप फोडावं लागत नाही, कुणाची किल्ली चोरावी लागत नाही. अंकगणित पुरतं.

इतक्या नजरांतून निसटलं कसं

माझ्या मते या प्रकरणात सगळ्यात जास्त विचार करण्याजोगा भाग हा आहे, आणि त्यावर लोक फार कमी बोलतात.

झीकॅश सुरू होण्याआधी बाहेरच्या कंपन्यांकडून सुरक्षा तपासणी झाली होती. पण अशी तपासणी मुख्यतः कोडची होते: निबंधात लिहिलंय तसं कोड करतं का? इथं निबंधच चुकलेला होता, त्यामुळे कोड जितकं इमानदार तितकी चूक पक्की.

निबंधाकडे कुणी बघितलंच नाही असंही नाही. २०१५ मध्ये ब्रायन पार्नो यांनी याच पद्धतीत एक वेगळी त्रुटी दाखवली होती. पार्नो हे मूळ पिनोकिओच्या लेखकांपैकी एक. उघड आकड्यांशी जोडलेली बहुपदं एकमेकांवर अवलंबून असली तर खोटं सिद्ध करता येतं, असं त्यांनी दाखवलं आणि ती दुरुस्तही झाली. ही त्रुटीही उघड आकड्यांच्याच जागेतली. म्हणजे एका निष्णात माणसाचा हात खऱ्या जखमेपासून बोटभर अंतरावर येऊन गेला होता. घरात एक साप सापडला की माणसाला सुटल्यासारखं वाटतं, दुसरा शोधायचं राहून जातं.

खरं कारण त्याहून खोल आहे. बीसीटीव्ही१४ ला स्वतःचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लिहिलेला सुरक्षेचा गणिती पुरावा नव्हता. पिनोकिओला होता, आणि ही तिचीच सुधारलेली आवृत्ती असल्यानं तिलाही तो लागू पडेल अशी सर्वांची धारणा होती. झीकॅशच्या चमूनं स्वतः तसा पुरावा लिहायचा प्रयत्नही केला होता. त्यातही ही ओळ हाती लागली नाही. सुरक्षेच्या पुराव्यात मुख्य वाक्य असं असतं: हल्लेखोराला अमुक अमुक घटक दिलेत, आणि तेवढ्यावरून तो खोटं बनवू शकत नाही. यादीत एक घटक वाढला की वाक्य बदललं, आणि जुना पुरावा नव्या वाक्याचा राहिला नाही. आपल्याला सवय असते काहीतरी कमी पडलंय का हे तपासायची. कमी पडलं तर प्रोग्रॅम चालत नाही, लगेच कळतं. जास्त दिलं तर सगळं सुरळीत चालतं. ‘असू दे, बिघडतं कुठं’ ही वृत्ती बाकीच्या अभियांत्रिकीत क्षम्य असेल, इथं तिनं घात केला.

हाच धडा वेगळ्या रूपात २०१९ च्या मार्चमध्ये पुन्हा दिसला. स्वित्झर्लंडच्या टपाल सेवेच्या ई-मतदान प्रणालीत सारा जेमी लुईस, ऑलिव्हिए पेरेरा आणि व्हनेसा टीग यांना आढळलं की मतांची सरमिसळ सिद्ध करताना वापरलेल्या ठरावीक संख्या कशा निवडल्या याची खात्री कुणालाच करता येत नव्हती. ज्यानं सिद्ध करायचं त्यालाच त्या संख्यांमागचं गुपित ठेवून घेता आलं असतं, आणि मग मतं बदलूनही बिनचूक दिसणारा पुरावा देता आला असता. गणित वेगळं, गाठ तीच: सिद्ध करणाऱ्याच्या हाती त्याच्या हक्काबाहेरचं काहीतरी पडलं.

चार माणसं आणि आठ महिने

गॅबिझॉन यांनी चूक लगेच शॉन बो यांना सांगितली. बो झीकॅशचे क्रिप्टोग्राफर. त्यांनी ती खरी असल्याचं पडताळलं. मग कंपनीचे प्रमुख झूको विलकॉक्स आणि तांत्रिक प्रमुख नेथन विलकॉक्स यांना कळवलं. त्यानंतर दुरुस्ती लागू होईपर्यंत ही गोष्ट या चौघांपलीकडे गेली नाही.

त्यांच्या जागी आपण असतो तर? चलन चालू आहे, लोकांचे पैसे त्यात आहेत. कोड सगळ्यांना दिसतं, त्यामुळे घाईची दुरुस्ती टाकली तर चाणाक्ष माणूस बदल वाचून चूक ओळखणार, आणि सगळं नेटवर्क नव्या आवृत्तीवर यायच्या आत नाणी पाडून मोकळा होणार. जाहीर केलं तर तेच. गप्प बसून काहीच केलं नाही तर दुसऱ्या कुणाला सापडण्याची वाट बघणं आलं.

त्यांच्या नशिबानं ‘सॅपलिंग’ नावाची मोठी सुधारणा आधीच आखलेली होती. तिच्यात येन्स ग्रॉथ यांची २०१६ ची पद्धत यायची होती. आठाऐवजी तीनच घटकांचा पुरावा, आणि सुरक्षेचं विश्लेषण कितीतरी पक्कं. चौघांनी जुन्या स्प्राउट व्यवहारांचे पुरावेही त्याच वेळी या नव्या पद्धतीवर हलवायचं ठरवलं. बाहेरून बघणाऱ्याला तो वेगासाठी केलेला बदल वाटला. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी, ४,१९,२०० व्या ब्लॉकला सॅपलिंग लागू झालं आणि जुन्या पद्धतीचा पुरावा स्वीकारणं बंद झालं. चूक सापडल्यापासून २४१ दिवस.

पण मधल्या काळात एक दार उघडं होतं. हल्ल्याला लागणारे ते जादा घटक सोहळ्याच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये होते, आणि ट्रान्सक्रिप्ट तर विश्वास वाटावा म्हणून जाहीर केलेली. ती फार कुणी उतरवून घेतलेली नव्हती. कंपनीनं ती चूक कळताक्षणी काढून टाकली, आणि कुणी विचारलं तर चुकून पुसली गेली असं सांगितलं. सॅपलिंग लागू झाल्यावर सोहळ्यातल्या सहभागींकडच्या डीव्हीडी गोळा करून ती पुन्हा उभी केली आणि परत प्रसिद्ध केली.

हे खोटं बोलणं मला बोचतं. आठ महिने गुप्तता पाळणं योग्यच होतं, यात मला तिळमात्र शंका नाही. चूक आधी बोलली असती तर प्रामाणिक लोकांचेच पैसे बुडाले असते. पण गप्प राहणं वेगळं आणि खोटं कारण देणं वेगळं. ट्रान्सक्रिप्ट हा विश्वासाचा दस्तऐवज होता. ‘आमच्यावर विसंबू नका, स्वतः तपासा’ हे ज्या कागदानं सांगायचं, तोच हरवल्याची बतावणी करावी लागली. ‘सध्या उपलब्ध नाही’ एवढंच म्हटलं असतं तर संशय आला असता, आणि अशा वेळी संशयच हल्लेखोराला वाट दाखवतो, हा युक्तिवाद मला समजतो. तो मला खोडून काढता येत नाही. तरी बोच जात नाही. त्यांच्या बाजूनं एवढं नक्की म्हणेन की नंतर त्यांनी ही बतावणीही स्वतःहून, स्पष्ट शब्दांत कबूल केली.

दुरुस्तीनंतरही लगेच जाहीर करता येणार नव्हतं, कारण झीकॅशचं कोड घेऊन निघालेली दुसरी चलनं होती. होरायझन आणि कोमोडो यांना १३ नोव्हेंबर २०१८ रोजी कळवलं गेलं. मग ५ फेब्रुवारी २०१९ ला सगळं जाहीर झालं आणि त्रुटीला सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१९-७१६७ हा क्रमांक मिळाला. गॅबिझॉन यांनी आपल्या टिपणात चूक तर दाखवलीच, शिवाय जादा घटक वगळले आणि बहुपदांबद्दलची एक अट पाळली तर पद्धत सुरक्षित आहे याचा गणिती पुरावाही दिला. पाच वर्षं जी जागा रिकामी होती ती अशी भरली गेली.

मग कुणी नाणी पाडली का?

कंपनीनं सांगितलं की तसा कुठलाही पुरावा आढळलेला नाही. चूक ओळखायला लागणारं कौशल्य फार थोड्यांकडे होतं, ट्रान्सक्रिप्ट फार थोड्यांकडे, आणि नाणी पाडली असती तर उमटले असते असे काही ठसे दिसले नाहीत. मला स्वतःला हे पटतं. पण पटणं आणि सिद्ध होणं यातलं अंतर हाच तर या शास्त्राचा विषय आहे.

खात्री करायला उरलं ते एकच साधन, आणि ते फार साधं आहे. गुप्त पेटीच्या, म्हणजे सगळ्या गुप्त चिठ्ठ्यांच्या एकत्र साठ्याच्या, आत काय चाललंय ते दिसत नाही, पण पेटीच्या तोंडाशी उघड बाजूनं किती आत गेलं आणि किती बाहेर आलं हे प्रत्येक व्यवहारात लिहिलेलं असतं. सुरुवातीपासूनची बेरीज-वजाबाकी कुणीही करू शकतं. आत गेल्यापेक्षा जास्त बाहेर आलं, तर आत कुठेतरी खोटी नाणी बनली हे निर्विवाद. स्प्राउटची शिल्लक कधीच शून्याखाली गेली नाही. जाहीर केल्यानंतर हा नुसता हिशेब राहिला नाही, नियम झाला: गुप्त पेटीची शिल्लक उणे करणारा ब्लॉक नेटवर्क स्वीकारतच नाही. स्प्राउटमधून सॅपलिंगमध्ये पैसे नेतानाही रक्कम उघडी करूनच न्यावी लागते, म्हणजे आत काही खोटं असलंच तर ते त्याच पेटीत अडकून पडावं. या व्यवस्थेला ते टर्नस्टाइल म्हणतात, एका वेळी एकच माणूस जाऊ देणारं फिरतं फाटक. नोव्हेंबर २०२० च्या ‘कॅनोपी’ सुधारणेनं स्प्राउटमध्ये नवे पैसे घालणंही बंद केलं. तेव्हापासून तिथून फक्त बाहेर येता येतं.

नव्या प्रणाली आखणाऱ्यांनी झीकॅशकडून काही घ्यायचं तर मी हे फाटक घ्यायला सांगेन. त्यात एकही अवघड समीकरण नाही. ते साउंडनेस टिकवत नाही; साउंडनेस गेलीच तर नुकसान एका पेटीपुरतं ठेवतं आणि २.१ कोटी नाण्यांची एकूण मर्यादा वाचवतं. त्याची किंमत मात्र गुप्ततेत मोजावी लागते, कारण पेटीतून पेटीत जाताना रक्कम दिसते. गुप्ततेवर जीव असणाऱ्यांना ते खुपतं, आणि खुपणं साहजिक आहे. मी तरीही फाटकाच्या बाजूनं आहे.

फाटकालाही एक गोष्ट कळत नाही. समजा शंभर लोकांनी स्प्राउटमध्ये पैसे ठेवले आणि त्यातल्या काहींच्या किल्ल्या कायमच्या हरवल्या. एखाद्यानं खोटी नाणी पाडून नेमकी तेवढीच रक्कम बाहेर काढली असेल, तर शिल्लक शून्याच्या वरच राहील आणि हिशेब चोख दिसेल. तसं झालं असेल तर ते कळायचा मार्ग एकच: हरवलेल्या किल्ल्यांपैकी एखादी सापडावी, तिचा मालक आपले पैसे काढायला यावा, आणि फाटकानं त्याला पेटी रिकामी असल्याचं सांगावं. स्प्राउटच्या पेटीत अजून थोडी नाणी पडून आहेत. ती कुणाची, हे पेटी सांगत नाही.